उपशाचा हिशेब

१९७२ च्या जून महिन्यात स्टॉकहोमला मानवी पर्यावरणावरची पहिली जागतिक परिषद भरली आणि तेथे इंदिरा गांधींनी गरिबी आणि पर्यावरण हे दोन प्रश्न एकमेकांपासून तोडता येणार नाहीत, असे ठामपणे मांडले. त्याच वर्षी महाराष्ट्रात पाऊस फिरकला नाही. लाखो माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी शिजवत होती आणि मुलांना सुकडी मिळावी म्हणून रांगा लावत होती. महाराष्ट्रातील पर्यावरण चळवळीचा उगम शोधायचा झाल्यास परिषदेच्या सभागृहापेक्षा त्या खडीच्या ढिगाकडे पाहावे, असे माझे मत आहे. आपल्याकडे या चळवळीचा जन्म वाघ वाचवण्यातून किंवा झाडे लावण्यातून झाला, असा समज शहरांत रूढ आहे. दुष्काळी भागात ती पाण्याच्या वाटपातून जन्मली, आणि म्हणूनच ती तेवढी अवघड राहिली.

त्या दुष्काळात पुण्याचे एक अभियंते आणि उद्योजक, विलासराव साळुंखे, पुरंदर तालुक्यात फिरले. खडी फोडणारा माणूस हा मुळात शेतकरी आहे आणि त्याच्या शेतावर पडणारे थोडे पाणीही त्याच्या हाती राहत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. नायगाव येथे देवस्थानची ४० एकर जमीन कराराने घेऊन त्यांनी पाणी अडवण्याचे प्रयोग केले. येथपर्यंतची गोष्ट अनेक पाणलोट प्रकल्पांसारखीच आहे. तिचे वेगळेपण पुढच्या नियमांत आहे. त्यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने, म्हणजे पाणी वाटून घेणाऱ्या गावकऱ्यांच्या संघटनेने, पाण्याचा हक्क जमिनीला न देता माणसाला दिला. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. वीस एकरांच्या धन्यालाही तेवढेच, आणि ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्यालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क विकता येणार नाही. खर्चातील २० टक्के वाटा लाभधारकांनी आधी उभा करायचा. आणि सामायिक पाण्यावर ऊस लावायचा नाही.

हे नियम मी प्रथम वाचले तेव्हा त्यांतील समतेने भारावून गेलो होतो. आता वय वाढल्यावर त्यांतील व्यवहार अधिक दिसतो. ऊस लावू नका, असे गावाला सांगणे म्हणजे कोणाच्या तरी घरात येणाऱ्या रोख पैशाला हात घालणे. असा नियम माणसे कधी पाळतात? शेजाऱ्यालाही तोच लागू आहे आणि आपल्याला जे कमी पडले ते शेजाऱ्याने वर ओरबाडलेले नाही, एवढी खात्री असेल तेव्हा. वाटप न्याय्य असेल तर मर्यादा टिकते. नसेल तर ती पहिल्या उन्हाळ्यातच मोडते. पुढे १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या ब्रंटलँड आयोगाने शाश्वत विकासाची जी व्याख्या केली, तिच्यात भावी पिढ्यांच्या गरजांना बाधा न आणता आजच्या गरजा भागवण्याची भाषा आहे. व्याख्या थोर आहे. परंतु दुष्काळी गावात भावी पिढीच्या आधी बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्याचा प्रश्न येतो, आणि त्याच्यावर ती व्याख्या फारसे बोलत नाही.

माझे आजोळ खटाव तालुक्यात, येरळा नदीच्या खोऱ्यात आहे. आजोबांची विहीर चौघांची होती. तिच्यात आमचा चार आणे हिस्सा होता आणि तसा तो सातबाऱ्यावर लागलेलाही होता. कोणत्या दिवशी कोणाची पाळी, हे ठरलेले असे. पाळीवरून भांडणे होत, दोन भाऊबंदांत तर कित्येक वर्षे बोलणे नव्हते. परंतु विहिरीत किती पाणी आहे याबद्दल कोणाचेही दुमत नसे, कारण काठावर उभे राहून वाकले की ते कोणालाही दिसे. दगडी बांधकामाच्या कोणत्या थरापर्यंत पाणी उतरले की उन्हाळी भुईमूग सोडून द्यायचा, हे आजोबांना पक्के ठाऊक होते आणि उरलेल्या तिघांनाही. आज मला त्या विहिरीचे मोठे वैशिष्ट्य वाटते ते हे, की ती सर्वांना दिसत होती.

बोअरने हे दिसणे संपवले. साडेसहा इंचांच्या भोकातून आत वाकून पाहता येत नाही. माझ्या धाकट्या मामांनी बोअर घेतली तेव्हा मी तेथे होतो. दुपारी पाणाड्या येऊन गेला होता. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ ज्या जागी उभा राहिला, तेथे चुन्याची फुली मारली होती. रात्री दहाच्या सुमारास दोन गाड्या आल्या, एकीवर यंत्र आणि दुसरीवर कॉम्प्रेसर. यंत्रावरची मुले तामिळनाडूची होती. मराठीतले त्यांना पाणी, फूट आणि पैसे एवढे तीन शब्द चांगले येत होते. आधी तांबूस माती उडाली, मग पिवळा मुरूम, केसिंगचा पाइप उतरला आणि त्यानंतर राखाडी भुकटीचा लोट सुरू झाला, म्हणजे काळा पाषाण लागला. मामी पदर तोंडाला लावून अंगणात बसल्या होत्या आणि प्रत्येक नवा रॉड चढला की बोटावर मोजत होत्या, कारण दर फुटावर होता. दोनशे फूट गेले, अडीचशे गेले. मामा एकदा म्हणाले, "आता थांबवतो." पण थांबवले नाही, कारण येथवर घातलेले पैसे मातीत जाणार होते. साडेतीनशेच्या पुढे भुकटी ओली झाली आणि मग दीड इंची पाणी लागले. मामांनी नारळ फोडला. पलीकडच्या वस्तीवरील बोअरची मोटार पुढच्या उन्हाळ्यात हवा मारू लागली. या दोन घटनांचा संबंध गावात सर्वांनी मनात जोडला आणि उघडपणे कोणीच बोलले नाही.

या न बोलण्यामागे भूगर्भ आहे. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग दख्खनच्या बेसाल्टचा, म्हणजे लाव्हारसाच्या थरांवर थरांचा आहे. या खडकात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खाली जाणाऱ्या भेगांत, सांध्यांत. मुरमातले पाणी बहुतांशी यंदाच्या पावसाचे असते. खोल भेगांतील पाणी तेथे झिरपून साचायला बराच काळ गेलेला असतो आणि ती भेग कोणाच्या शेताखालून कोठे जाते, हे सातबाऱ्याच्या उताऱ्यावर लिहिलेले नसते. खोल बोअर हे थर छेदून जाते तेव्हा कधी कधी वरचे पाणीही त्या भोकावाटे खाली उतरते आणि जवळची जुनी विहीर पावसाळ्यानंतर लवकर तळ दाखवते. आमची चार हिश्शांची विहीर अशीच आटली. तिच्यातील हिस्सा अजून सातबाऱ्यावर आहे.

कायद्याची गंमत अशी, की १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या परंपरेने आपल्याकडे जमीन ज्याची, तिच्याखालचे पाणी त्याचे, ही समजूत रुजली. पंप हाताने किंवा बैलाने चालत होता तोपर्यंत तिने फारसे बिघडले नाही. महाराष्ट्राने १९९३ साली सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नव्या विहिरीला मनाई करणारा कायदा केला. पुढे २००९ साली विधिमंडळाने भूजलाचा अधिक व्यापक कायदा मंजूर केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो २०१४ पासून लागू झाला. ६० मीटरपेक्षा खोल बोअरला तो शेतीसाठी आडकाठी करतो. दोनशे फुटांची ही मर्यादा आमच्या तालुक्यात कोणाला सांगितली तर लोक हसतात. आणि विजेच्या प्रत्येक खांबावर बोअरवाल्याचा फोन नंबर रंगवलेला असताना त्यांनी हसू नये तरी कसे?

पाणी वाढवण्याच्या कामाबद्दल मात्र कोणी हसत नाही, आणि येथे मला आपल्या चळवळीचीही थोडी झाडाझडती घ्यावीशी वाटते. २०१४ च्या अखेरीस सुरू झालेले जलयुक्त शिवार असो, २०१६ पासून काही वर्षे गाजलेली वॉटर कप स्पर्धा असो किंवा गावोगावची श्रमदाने असोत, त्यांत खरा उत्साह होता आणि काही ठिकाणी खरे पाणीही वाढले. पहाटे चारशे माणसे टिकाव-फावडी घेऊन माळावर समतल चर खोदताना पाहिली की माणसाच्या सामूहिक शक्तीवर विश्वास बसतो. मीही त्या चरांत घाम गाळलेला आहे. परंतु बंधारा बांधताना कोणाचेच काही जात नाही. सरपंचाला फीत कापता येते, कंत्राटदाराला जेसीबीचे तास मिळतात, शहरातल्या देणगीदाराला छायाचित्र मिळते आणि शेतकऱ्याला पाण्याची आशा. उपसा रोखायचा म्हटले की ही सगळी मंडळी एकाएकी पांगतात. चरांनी मुरवलेले पाणी पहिल्याच हिवाळ्यात ज्याची मोटार मोठी आणि बोअर खोल, त्याच्या शेतात गेले, हे आम्ही ज्या माळावर श्रमदान केले त्याच्या पायथ्याशीच घडले. श्रमदानाला आलेल्यांत भूमिहीन मजूर बायका सर्वाधिक होत्या.

शेततळ्याची कथा याहून बोलकी आहे. पावसाचे वाहून जाणारे पाणी खड्ड्यात धरायचे आणि खंड पडला की पिकाला एखादे पाणी द्यायचे, ही मूळ कल्पना उत्तम होती, आणि २०१६ च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेने तिला सरकारी पाठबळ दिले. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी तळ्याला प्लॅस्टिकचा कागद अंथरला गेला, भोवती कुंपण आले आणि पावसाळा सरला की विहीर व बोअरचे पाणी उपसून त्यात भरले जाऊ लागले. जमिनीखाली सावलीत असलेले सर्वांचे पाणी जमिनीवर, उन्हात, एकाच्या मालकीचे झाले. उन्हाळाभर त्याची वाफ होत राहते ती वेगळीच. तरीही त्या तळ्याच्या मालकाला खलनायक ठरवणे मला जमत नाही. त्याच्या डाळिंबाच्या बागेवर कर्ज आहे. शेजारी उपसणारच असेल तर आपण आपले पाणी खाली ठेवून त्याला का द्यावे, हा त्याचा हिशेब एकट्याच्या दृष्टीने अगदी बिनचूक आहे, आणि सगळ्या गावाचे मिळून दिवाळे काढणाराही.

उसाबद्दलही असेच म्हणता येईल. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर होते. मांजरा धरण कोरडे पडलेले आणि त्याच टापूत साखर कारखाने उभे, हे चित्र देशभर गाजले आणि त्यावर आम्ही शहरातल्यांनी भरपूर नैतिक लेखन केले. परंतु बाजारात गेल्यावर ज्याचा भाव आधीच ठरलेला असतो, गारपिटीतही जे बरेचसे उभे राहते, आणि ज्याच्यावर सोसायटी विनातक्रार कर्ज देते, असे दुसरे कोणते पीक आपण त्या शेतकऱ्याला दिले? ज्वारीला, तुरीला, करडईला कारखान्यासारखी दारात येणारी खरेदी मिळाली असती तर उसाचा मोह पुष्कळ कमी झाला असता. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, ही म्हण आपल्याच पूर्वजांची. पण त्यांना कारखान्याचे संचालकपद ठाऊक नव्हते.

आता या सगळ्यात सूर्य आला आहे. २०१९ च्या केंद्रीय कुसुम योजनेपासून सौर कृषी पंपांना मोठे अनुदान मिळते, आणि राज्यात एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. रात्री दोनला उठून, साप-विंचवाची भीती बाळगत मोटार सुरू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळाली, याचा आनंद ज्याला होत नाही त्याने ती रात्र कधी पाहिलेली नाही. कार्बनच्या वहीत सौरपंप ही निखळ जमेची बाजू आहे. पाण्याच्या वहीत मात्र त्याच पंपाने उपशाचा शेवटचा लगाम सोडवला. पूर्वी निदान भारनियमनाने मोटार बंद पडत असे. पर्यावरणाच्या एका हिशेबातला नफा दुसऱ्या हिशेबात तोटा म्हणून उतरतो तेव्हा चळवळीने कोणत्या बाजूने घोषणा द्यायच्या? माझ्या परिचयातील बरेच कार्यकर्ते या प्रश्नापुढे गप्प होतात. मला वाटते, उत्तर पंपाच्या जागी शोधण्यात अर्थ नाही. पंप सौर असावा, पण तो कोणाचा, किती खोलीवर आणि किती तास, हे गावाने ठरवलेले असावे. सरकारी अर्जात पंपाची अश्वशक्ती विचारतात, तसा गावाच्या पाणी अंदाजपत्रकाचा आकडाही विचारायला काय हरकत आहे?

असे अंदाजपत्रक अशक्य नाही, हे हिवरे बाजारने दाखवले. त्या वेळच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हे छोटे गाव. पाऊस सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. पोपटराव पवार १९८९-९० च्या सुमारास सरपंच झाले. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान वगैरे सूत्रे सर्वांना माहीत आहेत. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती शेतीच्या बोअरवर गावाने स्वतःच घातलेली बंदी, आणि दरवर्षी पावसाळा संपल्यावर मांडला जाणारा पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती पडला हे मोजायचे, माणसांचे आणि जनावरांचे पाणी आधी काढून ठेवायचे, आणि जे उरेल त्यावरून रब्बीला काय पेरायचे व काय पेरायचे नाही, हे ग्रामसभेत ठरवायचे. पाऊस कमी झाला की पेराही कमी होतो. ऊस आणि केळी तर नाहीतच. येथे विहिरीतले पाणी पुन्हा सर्वांना दिसू लागले आहे, कागदावर का होईना.

हिवरे बाजारला सहली जातात, अधिकारी प्रशिक्षणाला जातात आणि परत येऊन म्हणतात, 'तिथे पोपटराव आहेत, आमच्याकडे कुठे?' हा युक्तिवाद मला फसवा वाटतो, तरी त्यात तथ्य नाही असेही म्हणवत नाही. म्हणूनच मला बळीराजा धरणाची आठवण अधिक उपयोगाची वाटते. आमच्याच येरळेच्या खालच्या अंगाला, सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात बलवडी आणि तांदूळवाडी ही गावे आहेत. १९८२ च्या गिरणी संपात मुंबईहून परतलेले कामगार आणि दुष्काळी शेतकरी यांची मुक्ती संघर्ष चळवळ तेथे उभी राहिली. नदीतील वाळू कंत्राटदार उपसून नेत होते आणि विहिरींचे पाणी खाली जात होते, ही कारणमीमांसा लोकांनी तज्ज्ञांना बरोबर घेऊन केली. मग त्यांनी मागणी केली ती अशी, की नदीतली थोडी वाळू आम्हाला विकू द्या आणि त्या पैशातून आम्ही आमचे धरण बांधतो. लढून त्यांनी ते मिळवले. डॉ. भारत पाटणकरांसारखे कार्यकर्ते आणि के. आर. दाते यांच्यासारखे अभियंते त्यांच्यासोबत होते. पाणी कुटुंबागणिक सारखे वाटायचे, भूमिहीनांनाही द्यायचे आणि त्यावर ऊस लावायचा नाही, हे धरण बांधण्याआधीच ठरले होते. आटपाडीच्या पाणी परिषदांतून नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख यांनी पुढे समन्यायी वाटपाचा जो आग्रह धरला, त्याची मुळे याच मातीत आहेत. बळीराजाकडे एकच एक नेता नव्हता. संघटना होती, आणि वाटपाचा करार आधी व बांधकाम नंतर असा क्रम होता.

आपल्या बहुतेक योजनांनी हा क्रम उलटा केला, आणि मला वाटते शाश्वत विकासाची गाडी येथेच रुतते. आधी पाणी आणले, मग वाटपाचे पाहू म्हटले. एकदा पाणी एखाद्याच्या बांधात शिरले, त्यावर बाग उभी राहिली, बागेवर कर्ज निघाले, की त्याच्याकडून ते परत मागण्याची नैतिक आणि राजकीय ताकद कोणात उरत नाही.

आमच्या आजोळच्या गावात अटल भूजल योजनेत पाण्याचा ताळेबंद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवला गेला. राज्यातील १३ जिल्ह्यांत ही योजना राबवली गेली आणि त्यांत साताराही होता. भिंतीवर जमेपेक्षा खर्च मोठा आहे आणि खाली तुटीचा आकडा तांबड्या रंगात आहे. गेल्या ग्रामसभेला मी गेलो होतो. तुटीचा आकडा वाचला गेला तेव्हा लोकांनी माना डोलावल्या. नव्या बोअरना बंदी करण्याचा विषय निघाला तेव्हा मात्र गलका झाला. धाकटे मामा उठून म्हणाले, "बंदी घाला, माझी ना नाही. पण ज्यांनी आधीच घेतल्या त्यांचं कसं? नवीन पोरांनी नुसतं बघत बसायचं का?" हे बोलणारा माणूस स्वतः बोअरचा मालक होता, म्हणून लोकांनी ऐकले. त्यातून एका वस्तीवरच्या तिघांनी एक बोअर सामायिक करण्याचा विषय पुढे आला. जुन्या विहिरीसारख्या पाळ्या लावायच्या, सौरपंप एकच आणि तो तिघांच्या नावे. ग्रामसेवकाने सांगितले, की अर्जात लाभार्थी म्हणून तीन नावे लिहायला रकानाच नाही. त्यावर बराच वेळ हशा आणि वाद झाला. मागे बसलेल्या मजूर बायकांपैकी एकीने विचारले, की चर आम्ही खोदले, तर या तिघांच्या पाळीत आमची पाळी कोणत्या वारी? ठरावात सामायिक बोअरचे कलम आले आहे. भूमिहीनांच्या वाट्याचे कलम दिवाळीनंतरच्या ग्रामसभेवर ढकलले आहे, आणि तोवर रब्बीच्या पेरण्या उरकलेल्या असतील.